अण्णा मेले आहेत, बसा

भानुदासअण्णांची नि माझी ओळख ते मेल्यानंतर झाली. निदान पहिली काही मिनिटं तरी माझी तशी पक्की समजूत होती.

माझ्या नवऱ्याची, मंदारची, बदली म्हैसूरला झाली तेव्हा आम्ही नाशिकहून बॅगा घेऊन आलो आणि जयलक्ष्मीपुरममध्ये भाड्याचं घर शोधत हिंडू लागलो. एक मराठी घरमालक आहेत, घराची मागची बाजू भाड्याने देतात, असं मंदारला ऑफिसात कुणीतरी सांगितलं. भर दुपारी आम्ही त्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. दार उघडलं ते अक्कांनी, म्हणजे मालकीणबाईंनी. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आणि हातात उलथणं. पुढे मी त्यांना गजऱ्याशिवाय पाहिलं, पण उलथण्याशिवाय क्वचितच.

"भानुदासराव आहेत का?" मंदारने विचारलं.

"अण्णा मेले आहेत," अक्का म्हणाल्या. "बसा."

आम्ही बसलो. दुसरं काय करणार? मी आवाज जमेल तितका खाली आणला. "कधी?"

"आत्ताच. जेवले नि मेले."

"आजारी होते का हो?"

"छे. रोजचं आहे की ते. जेवण झालं की मेले. ऊन लागतं म्हणून सांगून सांगून साकु झालं मला. काफी घेणार ना?"

मंदार बूट पुन्हा पायात घालू लागला. तेवढ्यात अक्कांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, नाशिकचे लोक आलेत. या की खाली." आणि कैलासवासी भानुदासअण्णा खांद्यावर वायरचं भेंडोळं, गळ्यात शिंप्याची टेप, अशा थाटात जिना उतरून आले.

कानडीत 'मेले' म्हणजे वर आणि 'साकु' म्हणजे पुरे, हे ज्ञान मला त्या दिवशी काफीबरोबर मिळालं. अण्णा वर, गच्चीवर होते. त्यांच्या घराण्याला म्हैसुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की घरातल्या मराठीत कानडी कुठे सुरू होते ते त्यांनाच कळत नसे. आमची पुस्तकी मराठी ऐकून अक्का तोंडाला पदर लावायच्या. "बातम्या सांगितल्यासारखं बोलते पोर," असं त्या शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

अण्णांनी जन्मभर सूट शिवले. दुकान आता पुतण्या बघत होता नि अण्णा होम थिएटर बघत होते. बघत होते म्हणणं चूक. ऐकत होते म्हणणंही तसं चूकच. कारण अण्णांचा डावा कान तरुणपणी तापात गेला होता, आणि उजवा, त्यांच्याच शब्दांत, 'कच्च्या टाक्यावर' होता. कधी उसवेल सांगता येत नव्हतं. कानात घालायचं यंत्र आणून झालं होतं. ते शिट्टी मारत असे. "कानात कुकर लावून बसू काय?" असं म्हणून अण्णांनी ते देवाच्या फळीवर, अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवून दिलं होतं.

एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही, हे मला अण्णांमुळे समजलं. रस्त्यात कुणी हाक मारली की अण्णा जागच्या जागी एक पूर्ण गोल फिरत. वाटेत माणूस दिसला की थांबत. नाहीच दिसला तर आकाशाकडे बघून नमस्कार करत नि पुढे चालू लागत.

"उजवा जायच्या आधी एकदा मला सगळीकडनं ऐकायचं आहे," त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. "पुढनं, मागनं, मेलेनं. बाकी सगळं झालं बघा ताई. मुलीचं लग्न झालं, विठोबाचं दर्शन झालं, दसरा तर दर वर्षीच होतो. एवढं एक राहिलं."

"पण अण्णा, कान एक आहे ना?" मी धीर करून म्हटलं.

"म्हणून तर. ज्याला एक डोळा त्यानं घरात दिवे जास्ती लावायचे की नाही? मग ज्याला एक कान त्यानं स्पीकर जास्ती लावायचे." यात काहीतरी चुकतंय असं मला सारखं वाटे, पण नेमकं काय ते म्हैसूर सोडेपर्यंत सापडलं नाही.

तर या हिशेबाने घराच्या हॉलमध्ये भिंतीला लागून सात स्पीकर उभे होते आणि कोपऱ्यात एक धमधमणारा खोका. अक्का त्यांना 'माझ्या सात सवती नि त्यांची ती सासू' म्हणत. रोज सकाळी सवती पुसून काढत, सासूवर मात्र फडकं फिरवत नसत. हॉलच्या मधोमध एक वेताची खुर्ची होती. तिच्या चारी पायांभोवती जमिनीवर शिंप्याच्या खडूने खुणा केलेल्या होत्या. केर काढताना खुर्ची तसूभर हलली तरी अण्णा टेप काढून पुन्हा मापं घेत. खुर्चीत कुणालातरी बसवायचं आणि त्याच्या कानापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेप लावायची. माझं माप त्यांनी इतक्यांदा घेतलं होतं, की ब्लाउज शिवायला दिला तर उजव्या कानापासून सुरुवात करतील अशी मला भीती वाटे.

आवाजाच्या वेगवेगळ्या फॉरमॅटमधला फरक मंदारने एकदा भाबडेपणाने विचारला. अण्णांनी चष्मा पुसला.

"मोनो म्हणजे बंडी," ते म्हणाले. "एक तुकडा, डोक्यातनं घाल नि बाहेर पड. स्टिरिओ म्हणजे शर्ट-पँट. आता फाइव्ह पॉइंट वन. तो सूट. पुढं तीन, मागं दोन. पुढचा मधला जो आहे, त्यातनं माणसं बोलतात. तो म्हणजे कॉलर. कॉलर बसली नाही तर सूट कितीही भारी असू दे, माणूस भाड्याचा दिसतो."

"आणि पॉइंट वन?"

"अस्तर. दिसत नाही, पण सगळा सूट उभा त्याच्यावर. तो बघा कोपऱ्यातला. सेव्हन पॉइंट वन म्हणजे त्याच सुटाला जाकीट. कडेला दोन, मागं दोन, पुढचे तीन आहेतच."

"आणि ॲटमॉस?"

अण्णांचा आवाज देवळात गेल्यासारखा झाला. "बाकी सगळं रेडीमेड. कुठल्या स्पीकरनं काय बोलायचं ते आधीच शिवून आलेलं असतं. ॲटमॉस मापानं शिवतात. त्यात आवाजाला नुसती जागा सांगितलेली असते. हेलिकॉप्टर इथं, पाऊस तिथं. मग तुमच्या घरात स्पीकर किती नि कुठं ते बघून मशीन तिथल्या तिथं कापतं, तिथल्या तिथं शिवतं. फक्त वर टोपी पाहिजे. टोपी म्हणजे मेलेचे दोन. ते बसवायला तर मी रोज मेले जातोय की."

घरी आल्यावर मी मंदारला विचारलं, हे खरं आहे का? तो म्हणाला, सगळं बरोबर आहे, फक्त त्यांनी वायरी उलट्या जोडल्यात. पुढच्या मागे नि मागच्या पुढे. एका कानाच्या माणसाला ते कळायचं काही कारण नव्हतं, आणि सांगायला गेलं तर अण्णा तो कान नेमका दुसरीकडे फिरवत.

मेलेचे दोन बसेपर्यंत फाइव्ह आणि सेव्हनची तुलना चालू असे. त्यासाठी एका इंग्रजी सिनेमातला ठरलेला तुकडा होता. आधी पाऊस पडतो, गाडी जाते, दार आपटतं, मग हेलिकॉप्टर येतं नि डोक्यावरून जातं. घरी आलेल्या प्रत्येकाला त्या खुर्चीत बसावं लागे. गॅसवाला बसला, नारळवाला बसला, मतदार यादी तपासायला आलेल्या शिक्षिका बसल्या. तुकडा संपला की अण्णा विचारत, "आवाज कुठून आला?" माणूस बोट दाखवी. दुकानाबाहेर उभं राहून काचेतला सूट बघावा, तसे अण्णा त्या बोटाकडे बघत. मग स्वतः खुर्चीत बसत, तोच तुकडा पुन्हा लावत आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत. "आवाज चांगला आहे," एवढंच म्हणत.

माझी साक्ष त्यांनी बऱ्याचदा काढली. मला पाच नि सातमधला फरक कधीच कळला नाही, पण नाही कसं म्हणायचं? "फरक आहे अण्णा," मी म्हणे.

"किती?"

"बराच."

"बराच म्हणून माप नसतं, ताई."

सेव्हन पॉइंट वनला एकदाच निर्विवाद दाद मिळाली, ती सरगूरच्या मामांकडून. हे अक्कांचे थोरले भाऊ. सरगूरला त्यांची शेती, आणि जंगल जवळ असल्याने पिकात अधूनमधून हत्ती येत. मामा आले, जेवले, खुर्चीत बसले. पाहुण्यांच्या मानासाठी अण्णांनी त्या दिवशी हेलिकॉप्टरऐवजी जंगलाचा तुकडा लावला. किडे किरकिरले, पानं सळसळली. मग पडद्यावर, अगदी समोर, एक हत्ती आला नि त्याने सोंड वर केली. वायरी उलट्या असल्यामुळे तो चीत्कार मामांच्या पाठीमागून, मानेपासून हातभर अंतरावरून निघाला.

मामा खुर्चीतून कधी उठले ते कुणालाच दिसलं नाही. दिसले तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर उभे होते आणि त्यांच्या हातात अक्कांचा पितळी तांब्या होता. अण्णांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ते टेप घेऊन टेबलापाशी गेले नि वर बघत म्हणाले, "मामा, आवाज कुठून आला?"

"आमच्याकडं मागनं हत्ती आला," मामा म्हणाले, "तर कुठून आला म्हणून विचारत बसत नाहीत, भानुदास." त्यानंतर मामा जेव्हा आले तेव्हा अंगणातच बसून काफी घेऊन गेले.

खरं भांडण झालं ते टोपीवरून. हॉलच्या भिंतीला देवाची फळी होती, तिच्यावर विठोबाची मूर्ती. छताखाली टांगायचे दोन स्पीकर मापाने बसवायचे तर त्यातला एक नेमका विठोबाच्या डोक्यावर येत होता. अक्का उलथणं घेऊन फळीपुढे उभ्या राहिल्या.

"देवाच्या मेले काही ठेवायचं नाही."

"पंखा आहे की मेले," अण्णा म्हणाले.

"पंखा वारा घालतो. तुमचा स्पीकर काय घालतो?"

दोन दिवस जेवताना दोघं कानडीतून बोलले. रागावले की ते मराठी सोडत. शेवटी तोड निघाली ती अशी, की स्पीकर मापानेच बसले आणि देवाची फळी उचलून त्यांच्याही वर, छताला लागून ठोकली गेली. विठोबा कमरेवर हात ठेवून सगळ्या व्यवस्थेच्या वर उभा राहिला. रोज फूल वाहायला अक्कांना स्टूल लागू लागलं. गुडघे दुखत तेव्हा त्या मला बोलावत. मी स्टुलावर चढून विठोबाशी समोरासमोर झाले की अण्णा खालून विचारत, "तिथं कसं ऐकू येतं?"

मेलेचे दोन सुरू झाले आणि अण्णांना वरून काही आलं नाही. पाऊस लागे, हेलिकॉप्टर जाई, आम्ही बोटं वर करत असू, अण्णा डोळे मिटून बसत आणि शेवटी म्हणत, "आवाज चांगला आहे." त्यांनी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, खडूच्या खुणा पुसून नव्या केल्या. एकदा तर मान आडवी करून, उजवा कान छताकडे लावून बसले. ते बघून मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. एवढा हौशी माणूस, नि त्याला एवढंसं मिळू नये?

मग पावसाळ्यात ते झालं. गच्चीतून वायर खाली सोडण्यासाठी अण्णांनी स्लॅबला भोकं पाडली होती, आणि शिवणकामाची सवय म्हणून म्हणा, ती काजांसारखी सुबक ठेवून बुजवायची राहून गेली होती. बाहेर पाऊस लागला होता, पडद्यावर पाऊस लागला होता, आणि खुर्चीत बसलेल्या मंदारच्या टाळूवर वरून एक थेंब पडला. मग दुसरा.

"अण्णा, पाणी पडतंय," मंदार म्हणाला.

"ॲटमॉस," अण्णा अभिमानाने म्हणाले. "ओलं करतं की नाही बघा."

दुसऱ्या दिवशी अण्णा कान दाखवायला दवाखान्यात गेले, तेव्हा मंदार स्टुलावर चढून बघून आला. दोन्ही स्पीकरांत पाणी शिरलं होतं. दोन्ही बंद पडले होते. खाली उतरून त्याने अक्कांना सांगायला तोंड उघडलं, आणि म्हैसुरात राहून त्याचीही मराठी बिघडली होती म्हणून त्याच्या तोंडून निघालं, "अक्का, मेलेचे मेले."

अक्का अशा हसत सुटल्या की उलथणं खाली पडलं. ओट्याला धरून, डोळे पुसत, "मेलेचे मेले, मेलेचे मेले" असं म्हणत त्या हसत होत्या, आणि आम्हीही हसत होतो, तोवर फाटक वाजलं.

अण्णा आले. चप्पल काढली, सरळ खुर्चीत जाऊन बसले. दवाखान्यात काय सांगितलं असेल ते त्यांच्या खांद्यांवरूनच कळत होतं. टाका उसवायला लागला होता. त्यांनी तो तुकडा लावला. पाऊस पडला. हेलिकॉप्टर आलं, तेही उलटं, मागच्याच स्पीकरांतून, कारण वर तर काही उरलंच नव्हतं. अण्णांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी हळूहळू चेहरा वर केला.

"मेलेनं आलं," ते म्हणाले. "ताई, आज मेलेनं आलं बघा."

मंदार काही बोलणार तेवढ्यात त्याच्या नि अण्णांच्या मध्ये उलथणं आडवं आलं.

"बरं झालं की," अक्का म्हणाल्या. "हात धुवा, दोसे करते."

स्वयंपाकघरात मी त्यांना हळूच म्हटलं, "दुरुस्त करून घेऊ या ना, अक्का. त्यांना कळणार पण नाही."

अक्कांनी दोसा उलटला. "आणि दुरुस्त केल्यावर आलं नाही म्हणजे? मग काय करशील, पोरी? त्यांना येतंय ना मेलेनं. येऊ दे की." मला तेव्हा त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तवा तापलेला होता.

त्यानंतर आम्ही तिथे आणखी काही वर्षं राहिलो. स्लॅबची भोकं मंदारने बुजवली, मेलेचे दोन तसेच राहिले. अण्णांचा उजवा कान सावकाश, बाही एकेक टाक्याने सुटावी तसा, सुटत गेला. आधी दाराची घंटा गेली, मग अक्कांची हाक गेली. रस्त्यात आता ते गोल फिरत नसत, सरळ चालत. मला त्यांचं ते फिरणं आठवून चुकल्याचुकल्यासारखं होई. फक्त कोपऱ्यातला पॉइंट वन उरला, कारण तो पायाला लागे. अण्णांनी तो खुर्चीसमोर आणून ठेवला होता नि त्यावर अनवाणी पाय टेकून ते बसत. "अस्तर शेवटपर्यंत टिकतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून अक्का सासूवरही फडकं फिरवू लागल्या.

आम्हाला पुण्याला जायचं होतं त्या सकाळी सामान ट्रकात चढलं. किल्ली द्यायची म्हणून मी पुढच्या बाजूला गेले. तिथपर्यंत जमिनीतून धमधम येत होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी आत डोकावले.

अण्णा खुर्चीत होते, पाय खोक्यावर, डोळे उघडे. ते पडद्याकडे बघत नव्हते. समोर अक्का उभ्या होत्या, ते त्यांच्या हातातल्या उलथण्याकडे बघत होते. पाऊस सुरू झाला तशी अक्कांनी उलथणं चारी बाजूंना शिंपडल्यासारखं फिरवलं. गाडी गेली, ती उलथण्याने डावीकडून उजवीकडे नेली. मागे दार आपटलं, तेव्हा अण्णांच्या खांद्यावरून मागे दाखवलं. अण्णांची मान उलथण्याबरोबर फिरत होती. ज्या बाईने जन्मात एकदाही त्या खुर्चीत बसून माप दिलं नव्हतं, तिला तो तुकडा तोंडपाठ होता.

एवढ्यात अक्कांना खिडकीत मी दिसले आणि त्यांचा हात मध्येच थांबला. अण्णा वाट बघत राहिले. मग त्यांनी तळपाय खोक्यावर नीट दाबले.

"अगं, मेले," ते म्हणाले. "हेलिकॉप्टर आलंय की."

अक्कांनी माझ्याकडे पाठ केली, टाचा उचलल्या आणि उलथणं छताकडे नेऊन त्या दोन मेलेल्या स्पीकरांमधून, विठोबाच्या पायाखालून, हळूहळू पलीकडे नेलं.

"आलं," अण्णा म्हणाले. "मेलेनं आलं."